दोन घरं, एक दप्तर: घटस्फोटानंतर मुलाचे दिवस आणि खर्च कसे वाटून घ्यावेत

आमच्या घटस्फोटाचा हुकूम हातात पडला तेव्हा लेक तिसरीत होती. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना वाटलं, सुटलो एकदाचे. दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या सहलीचे साडेचारशे रुपये कोणी भरायचे यावरून फोनवर असं भांडण झालं की संसारात असतानाही कधी झालं नव्हतं. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टात दिलेल्या अटींत, तिच्या बाबांनी दरमहा किती द्यायचे ते लिहिलं होतं. सहलीबद्दल चकार शब्द नव्हता. रक्कम किरकोळ म्हणून लिहायची राहिली होती, आणि किरकोळ असूनही माघार कोणी घेईना. लेक सहलीला गेली. पैसे माझ्या आईने भरले.

त्यानंतरच्या सहा वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, त्यामुळे कोष्टकं मांडायची सवय आहे, एवढंच. तुमच्या कागदांसाठी वकील लागेलच. पण वकिलाकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जायचे हे आधी ठाऊक असलं तर वेळ आणि फी दोन्ही वाचते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलाची भेट आणि मुलाचे पैसे ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातली बाकी दुसऱ्यातून वळती करायची नाही. "पैसे आले नाहीत, मग रविवारी मुलगी पाठवणार नाही" आणि "भेटू देत नाही, मग पैसे कशाला" ही वाक्यं मी दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत. पहिलं वाक्य मी स्वतःही एकदा बोलले आहे.

आधी शब्द समजून घ्या

ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहणार. पालकत्व म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार. या दोन गोष्टी एकच नाहीत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं आणि 'त्यांच्यानंतर' आईचं नाव येतं. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ वडील वारल्यावर इतकाच घ्यायचा नाही, असं सांगितलं. वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते. त्याच कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं म्हटलं आहे. पण या सगळ्याच्या वर एक कसोटी आहे: मुलाचं हित. तिच्यापुढे आईचा किंवा बापाचा हक्क दुय्यम ठरतो.

ॲक्सेस हा कोर्टातला रोजचा शब्द. मूल ज्याच्याकडे राहत नाही त्याने मुलाला कधी भेटायचं, रात्रभर न्यायचं का, सुट्टीत किती दिवस, हे सगळं त्यात येतं. व्हिडिओ कॉलही येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात स्पष्ट म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोन आणि व्हिडिओ कॉलने तो जपला पाहिजे. हा हक्क मुलाचा आहे, हे लक्षात ठेवा. आपण तो 'देतो' असं आपल्याला वाटत असतं.

'जॉइंट कस्टडी' हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. आपल्या कौटुंबिक कायद्यांत तो स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. विधी आयोगाने २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. व्यवहारात दोघांची संमती असेल तर कोर्ट तशा अटी मान्य करतं. बहुतेक घरांत त्याचा अर्थ एवढाच होतो की मूल एकाकडे राहतं, आणि शाळा, शस्त्रक्रिया, परदेश प्रवास यांसारखे मोठे निर्णय दोघं मिळून घेतात. एक आठवडा इथे, एक तिथे असं करायचं असेल तर दोन्ही घरं शाळेपासून जवळ हवीत. पुण्याच्या दोन टोकांना राहून ते जमत नाही. आम्ही दोन महिने करून पाहिलं. सकाळची स्कूलबस हा त्या प्रयोगाचा शेवट होता.

कुठे जायचं

मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालयं आहेत. जिथे नाहीत तिथे हे काम दिवाणी न्यायालयात चालतं. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. त्यांच्याकडे पाठवलं की लोक म्हणतात, "आता पुन्हा नांदायला सांगणार." तसं झालं तरी ऐकून घ्या आणि मग सांगा की आम्हाला मुलाचं वेळापत्रक ठरवायला मदत हवी आहे. आमच्या समुपदेशक बाईंनी तासाभरात जे करून दिलं ते दोन वकिलांच्या चार महिन्यांच्या पत्रव्यवहारात झालं नव्हतं. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने स्वीकारलेली ताबा आणि भेटीबद्दलची मार्गदर्शक सूत्रं आहेत, त्यात पालकत्वाच्या आराखड्याचा नमुनाही आहे. तो वकिलाकडे किंवा समुपदेशकांकडे मागा. कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची गरज नाही.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. माझं मत विचाराल तर ते माफ करून घ्यायची घाई करू नका. ते सहा महिने ठरलेलं वेळापत्रक आणि खर्चाचं कोष्टक प्रत्यक्ष चालवून पाहायला वापरा. जे चालत नाही ते हुकूम होण्याआधीच कळतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

धर्माप्रमाणे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत. पण १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि मुलाच्या पोटगीचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम १२५) सगळ्यांना लागू आहे. गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी एक: तिथे वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, त्यामुळे मालमत्तेच्या वाटणीचा हिशेब महाराष्ट्रापेक्षा निराळा होतो. मुलाच्या खर्चाचं कोष्टक मात्र तेच.

दिवस वाटणं

दोन कालनिर्णय घ्या, एक या घरात, एक त्या घरात. दोन रंगांची पेनं. वर्षाच्या सुरुवातीलाच रंगवून टाका. मोबाइलचं कॅलेंडर आपल्याला पुरतं, पण मुलाला भिंतीवर दिसावं लागतं. "शनिवारी मी कुठे?" हा प्रश्न लेकीने विचारायचा बंद केला तो दिवस मला आठवतो.

शाळेच्या दिवसांत आमचं असं आहे: सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, बुधवारी संध्याकाळी बाबा क्लासवरून घेतात आणि जेवण करून साडेआठला सोडतात, दर दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ त्यांच्याकडे. 'सोयीप्रमाणे' हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. 'वाजवी भेट' हाही नको. वार लिहा, वेळ लिहा, कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं ते लिहा. किती मिनिटं उशीर चालेल आणि त्यापुढे काय, तेही लिहा. आम्ही अर्धा तास लिहिला आहे.

सोडण्या-आणण्याची जागा पहिल्या वर्षी घराचं दार नसलेली बरी. दारात उभं राहिलं की "आत या" म्हणायचं की नाही, सासूबाई गॅलरीतून बघताहेत, शेजारच्या काकू दार उघडताहेत, असं सगळं सुरू होतं. शाळा, क्लास, पोहण्याचा तलाव इथून मूल एका घरातून निघतं आणि दुसऱ्या घरी पोचतं, मधे आईबाप समोरासमोर येतच नाहीत.

सणांचं खरं अवघड असतं, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. नुसतं 'दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी' लिहिलं की लक्ष्मीपूजन कोणत्या अर्ध्यात यावरून वाद ठरलेला. आमच्याकडे सम वर्षी लक्ष्मीपूजन बाबांकडे आणि पाडवा-भाऊबीज माझ्याकडे, विषम वर्षी उलट. गणपती तिच्या बाबांच्या घरी दीड दिवसाचा असतो, माझ्या माहेरी गौरींबरोबर जातो, त्यामुळे पंचांगानेच आमचं भांडण मिटवलं. ते दीड दिवस कायमचे त्यांचे. तुमच्याकडे ईद, नाताळ, गावची जत्रा, कुलदैवताचं जाणं जे असेल ते नाव घालून लिहा. मे महिन्याची सुट्टी दोन सलग तुकड्यांत वाटा. चार-चार दिवसांचे तुकडे केले की मुलाला ना मामाचं गाव नीट मिळतं ना आत्याचं घर. वाढदिवस ज्याच्या दिवशी येईल त्याचा, दुसऱ्याला त्या दिवशी दोन तास. आजी-आजोबांची भेट वेगळी लिहायची गरज बहुधा पडत नाही, पण आजारी आजोबांना आयत्या वेळी भेटवायची वेळ येते. त्यासाठी एक ओळ ठेवा.

परीक्षेच्या आधीचा आठवडा बदलायचा नाही. बाकी अदलाबदल चालेल, पण तीन दिवस आधी मेसेजवर विचारून, आणि गेलेल्या दिवसाची भरपाई त्याच महिन्यात.

पैसे: आधी यादी, मग रक्कम

बहुतेक जण उलटं करतात. "महिना पंधरा हजार" असा आकडा आधी ठरतो आणि मग त्यात काय बसतं ते शोधत बसतात. आधी मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यूपीआयचा इतिहास आणि शाळेच्या पावत्या काढा. मुलावर वर्षभरात खरंच किती खर्च झाला ते लिहा. समजा असं निघालं:

शाळेची फी ८४,०००
स्कूलबस २१,६००
पुस्तकं, गणवेश, बूट ९,०००
क्लास आणि छंद २४,०००
मेडिक्लेमचा हप्ता ९,६००
औषधं, दात, चष्मा ९,८००
जेवणखाण, वीज, घरखर्चातला वाटा ६०,०००
कपडे १२,०००
सहली, वाढदिवस, मित्रांच्या भेटवस्तू १०,०००

बेरीज २,४०,०००. म्हणजे महिन्याला सरासरी २०,०००. यात घरभाडं धरलेलं नाही. मुलासाठी एक खोली जास्त लागत असेल तर त्या खोलीपुरतं भाडं यादीत घाला, लाजू नका.

आता वाटा. निम्मं निम्मं हे ऐकायला सरळ वाटतं, पण एकाचा पगार ८०,००० आणि दुसऱ्याचा ४०,००० असेल तर ते सरळ राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या एका निकालात आई आणि वडील दोघंही नोकरी करत होते. वडिलांची कमाई आईच्या जवळपास दुप्पट. कोर्टाने प्रत्येक मुलाचा खर्च महिना ३,००० धरून तो दोघांनी दोनास एक या प्रमाणात उचलावा असं ठरवलं. तेच प्रमाण आपल्या यादीला लावलं तर २०,००० पैकी एकाचे साधारण १३,३०० आणि दुसऱ्याचे ६,७००. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, आणि आईचाही वाटा असतो, हे दोन्ही त्या निकालात आहे. मात्र ज्याच्याकडे मूल राहतं तो डबा करतो, ताप आला की रजा टाकतो, अभ्यास घेतो. त्याचं मोल या प्रमाणात दिसत नाही. तुम्ही बोलणी कराल तेव्हा ते बोलून दाखवा.

वकिलांच्या टेबलाशी "पगाराच्या २५ टक्के" हा आकडा फिरत असतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीच्या पोटगीसाठी निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी मानली होती, तिथून तो आला. तो सगळ्यांना लागू होणारा नियम नाही, आणि मुलाच्या खर्चाचं सूत्र तर नाहीच.

संमती होत नसेल आणि प्रकरण कोर्टात लढवावं लागलं तर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून बंधनकारक झालं. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज उशिरा करणं हे स्वतःचंच नुकसान. रोखीने धंदा करणाऱ्याचं उत्पन्न कागदावर कमी दिसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्याचं राहणीमान, गाडी, क्रेडिट कार्डाची बिलं, मुलाची आधीची शाळा हे दाखवावं लागतं.

वाटा ठरला की खर्चाचे तीन कप्पे करा. पहिला कप्पा दर महिन्याचा: जेवणखाण, कपडे, बस. ही रक्कम ५ तारखेला बँकेच्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने आपोआप जावी. आठवण करून द्यावी लागली की तिथे भांडण जन्माला येतं. दुसरा कप्पा वर्षातून एकदा-दोनदा येणारा: फी, मेडिक्लेम, क्लास. हे ज्याने भरायचे त्याने थेट शाळेला किंवा कंपनीला भरावेत, आईच्या खात्यातून फिरवू नयेत. पावती दुसऱ्याला पाठवावी. फीच्या पावतीवर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते ती ज्याने भरली त्याला, तेवढाही प्रश्न मिटतो. तिसरा कप्पा अचानकचा: दात पडला, चष्मा फुटला, शाळेने लॅपटॉप मागितला. आमच्या कागदावर २,००० पर्यंतचा खर्च न विचारता करायचा, त्यावरचा आधी विचारून. अपघात आणि इस्पितळ याला अपवाद. पावतीचा फोटो सात दिवसांत, हिशेब महिनाअखेरीला, त्याच २:१ प्रमाणात. सहलीचे साडेचारशे आता या कप्प्यात निमूट बसतात.

रोख देऊ नका, घेऊ नका. यूपीआयवर शेऱ्यात महिना आणि कारण लिहा. चार वर्षांनी कोणी "मी तर दिले होते" म्हणालं तर तो शेरा तुमचा साक्षीदार. मुलाच्या हातात दिलेली पाकिटं, आजोबांनी दिलेली सायकल, आत्याने घेतलेला ड्रेस हे पोटगीत मोजायचं नाही. प्रेमाने दिलेलं ते भेट.

एकरकमी घेऊन मोकळं व्हावं असा मोह दोघांनाही होतो. पत्नीच्या पोटगीचं तुम्ही तसं ठरवू शकता. मुलाच्या खर्चाचं करू नका, असं मी सांगेन. आठ वर्षांच्या मुलीच्या पदवीपर्यंतचा खर्च आज एका आकड्यात कोणालाच मांडता येत नाही, आणि मिळालेली रक्कम घराच्या डागडुजीत कधी गेली ते कळत नाही. शिवाय आईने "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

कागदावर लिहायचं हमखास राहून जातं ते

अठरावं वर्ष. कलम १४४ खालची पोटगी साधारणपणे मूल सज्ञान होईपर्यंतच आहे. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात त्यापुढेही आधार आहे, मुलाला तसा नाही. आणि खरा खर्च तर बारावीनंतर सुरू होतो. म्हणून 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, वसतिगृहासह' असं स्पष्ट लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या मुलाचा वाढदिवस जुलैत, इंजिनिअरिंगचा प्रवेश ऑगस्टमध्ये. मधल्या महिन्यात पैसे बंद झाले.

वाढ. फी दरवर्षी वाढते, पोटगीचा आकडा तसाच राहतो. दर जूनमध्ये ठरावीक टक्के वाढ आताच लिहा. नाहीतर प्रत्येक वेळी कोर्टात अर्ज. तो करता येतो, ताबा आणि मुलाच्या खर्चाचे हुकूम परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात. पण एका टक्केवारीसाठी तारखा कोणाला हव्या आहेत?

विमा. पैसे देणारा उद्या गेला तर? त्याने मुलासाठी टर्म इन्शुरन्स घ्यावा, नॉमिनी मूल, आणि मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेपर्यंत रक्कम स्वीकारायला एक अपॉइंटी. दरवर्षी हप्ता भरल्याची पावती पाठवण्याची अटही लिहा. घटस्फोटानंतर मेडिक्लेममध्ये नवरा-बायको एकत्र राहू शकत नाहीत, मूल मात्र एकाच्या पॉलिसीत राहू शकतं. कोणाच्या, ते ठरवा. कंपनीचा विमा असेल तर नोकरी बदलताना मधे खंड पडू देऊ नका. पीएफ, बँक, एलआयसी सगळीकडची नॉमिनेशन्स त्याच महिन्यात बदला. कित्येकांच्या पीएफमध्ये वर्षानुवर्षं जुनंच नाव राहतं.

घरकर्ज. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर घटस्फोटाच्या हुकुमाने बँक बांधली जात नाही. "हप्ते तो भरेल" असं तुम्ही आपसात लिहिलंत तरी हप्ता चुकला की बँक दोघांना धरते आणि दोघांचा सिबिल पडतो. बँकेकडून एकाचं नाव लेखी कमी करून घ्या. घराचा वाटा दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर हुकुमाच्या आधी वकिलाला विचारा: महाराष्ट्रात नवरा-बायकोमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हुकूम झाला की ते नातं उरत नाही.

मुलाच्या नावावरची गुंतवणूक. सुकन्या समृद्धीचं खातं एका मुलीचं एकच असतं, त्यात वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, म्हणून दोघांपैकी कोण किती भरणार आणि पासबुक कोणाकडे, ते लिहा. अज्ञान मुलाच्या ठेवीवरचं व्याज घटस्फोटानंतर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. बापाने हौसेने मोठी एफडी केली आणि कर आईला भरावा लागला, असं होऊ शकतं.

पासपोर्ट आणि गाव बदलणं. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या संमतीचं जोडपत्र डी लागतं. एकाची संमती मिळत नसेल तर जोडपत्र सी, कारणासह. नूतनीकरणाला सही द्यायची, आणि परदेशी नेण्याआधी तिकिटं व पत्ता कळवायचा, अशी अट घाला. शहर बदलायचं असेल तर दोन महिने आधी लेखी कळवायचं. अमेरिका-इंग्लंडमध्ये असलेल्या मराठी आईबापांनी एक जास्तीचं लक्षात घ्यावं: मुलांना परदेशी नेण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. तिथलं कोर्ट चालू असताना न सांगता मुलाला घेऊन पुण्याला येणं ही सुटका वाटते, आणि मग दोन देशांत दोन खटले चालतात.

रोजचं

मुलाला सामानासारखं बॅग भरून फिरवायला लागू नये यासाठी थोडा खर्च दोनदा करा. दात घासायचा ब्रश, घरचे कपडे, चपला, कंपासपेटी, तापाचं औषध आणि वजनाप्रमाणे त्याचा डोस लिहिलेला कागद दोन्ही घरांत हवा. गणवेशाचा एक जोड तिकडे. आधार कार्डाची, जन्मदाखल्याची झेरॉक्स दोघांकडे. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, ते कोण करणार ते आधीच बोला. नाहीतर ते ना इकडे होतं, ना तिकडे.

शाळेत दोघांचे नंबर द्या आणि वर्गशिक्षिकेला दोन ओळीत सांगा. कारण सांगायची गरज नाही. पालकसभेला आलटून पालटून जा किंवा वेगवेगळ्या वेळा मागा.

एकमेकांशी फक्त मुलाबद्दल बोलायला एक व्हॉट्सॲप धागा ठेवा. जुनी भांडणं, पैसे मागणं, आईचे टोमणे तिथे नको, पैशासाठी वेगळा. मेसेज असा असावा: "गुरुवारी दाताचे डॉक्टर, ५.३०. अंदाजे खर्च २,५००. चालेल का?" उत्तर: "हो." यापलीकडे काही लिहावंसं वाटलं तर रात्रभर ड्राफ्टमध्ये राहू द्या. आणि निरोप मुलाबरोबर कधीच पाठवू नका. "बाबांना सांग फी भरायची आहे" हे वाक्य दहा वर्षांच्या पोरीने तोंडातल्या तोंडात म्हणत म्हणत न्यायचं आणि बाबांचा चेहरा बघायचा, हे तिचं काम नाही. फोनमध्ये मी त्यांचं नाव 'बाबा' असंच सेव्ह केलं आहे, कारण स्क्रीन तिलाही दिसते.

नवं नातं जोडलं गेलं तर दुसऱ्या पालकाला ते मुलाकडून कळू देऊ नका. आधी एक मेसेज करा.

मोडलं तर

पैसे थांबले. आधी मेसेज, मग वकिलाची नोटीस, मग कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज. कलम १४४ खालच्या हुकुमात थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. "आज ना उद्या देईल" म्हणून दोन वर्षं थांबू नका. नोकरी खरंच गेली असेल तर देणाऱ्यानेही गप्प बसू नये: तितक्याच तातडीने रक्कम कमी करण्याचा अर्ज करावा, आणि तोवर जेवढं जमेल तेवढं पाठवत राहावं. शून्य आणि चार हजार यांत कोर्टाला फार फरक दिसतो.

भेट अडवली. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा, पोचल्याचा मेसेज टाका, वाद न घालता परत या. अशा तीन-चार नोंदी झाल्या की समुपदेशकांकडे किंवा हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जा. पैसे चालू ठेवा. ते बंद केले की प्रकरण तुमच्या भेटीचं राहत नाही, तुमच्या थकबाकीचं होतं.

मूलच जायला नको म्हणत असेल तर थोडं थांबून बघा. कधी कारण इतकंच असतं की तिकडे वायफाय नाही किंवा शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस आहे. कधी कारण गंभीर असतं. मारहाण, दारू, नकोसा स्पर्श असं काही निघालं तर या लेखातलं समजुतीचं काही लागू नाही. भेट थांबवा, त्याच दिवशी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा, आणि कोर्टात देखरेखीखालच्या भेटीचा अर्ज करा. कोर्टाच्या आवारात मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या समोर अशा भेटी होतात. स्त्रीलाच त्रास असेल तर महिलांची हेल्पलाइन १८१, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहायला जागा, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो.

दर मे महिन्यात एक बैठक

शाळा उघडण्याआधी आम्ही दोघं एका उडुप्याकडे पाऊण तास बसतो. घरी नाही, वकिलाकडे नाही. लेक बरोबर नसते. मागच्या वर्षीचं कोष्टक, नव्या वर्षाचं कालनिर्णय, फीची नवी पावती. पगार कोणाचा वाढला, कोणाचा नाही, ते सांगायचं आणि प्रमाण पुन्हा मांडायचं. बदल दोघांच्या सहीने, मोठा असेल तर वकिलामार्फत कोर्टात नोंदवायचा. पहिल्या वर्षी बैठक बारा मिनिटांत मोडली होती.

यंदा लेक दहावीत गेली. यादीत एक नवी ओळ आली: अकरावीपासूनचा क्लास, दोन वर्षांचं पॅकेज. तिच्या बाबांनी मोबाइलवर फीचा आकडा दाखवला आणि आम्ही दोघांनी एकदमच वेटरला अजून एक चहा सांगितला.